शेंदराखालचं नाव

अख्खी नोकरी मोजणी खात्यात गेली, त्यामुळं दगड दिसला की आधी खरवडायचा, ही माझी खोड. हद्दीचा दगड शेवाळानं माखलेला असतो, अर्धा मातीत गाडलेला असतो. तो साफ केल्याशिवाय त्यावरची खूण दिसत नाही आणि खूण दिसल्याशिवाय दोन भावांचं भांडण मिटत नाही. निवृत्त झालो तरी पिशवीतलं खुरपं आणि तारेचा ब्रश तसाच राहिला. बायको म्हणायची, आता कुणाचं शेत मोजायला चाललाय? मी म्हणायचो, असू दे, वजन काय होतंय.

घरी बसून डोकं फिरायची वेळ आली तेव्हा मी पुण्याहून येणाऱ्या लोकांना जुन्नर दाखवायला लागलो. किल्ला आणि लेणी नव्हेत, ती सगळेच बघतात. मी त्यांना मागच्या आळ्या दाखवायचो. जुन्या कागद करणाऱ्यांच्या गल्ल्या, कांद्याच्या वखारीमागं दडलेला घुमट, झाडीत बुजलेली बारव. नोकरीत मला सगळे 'ओ भाऊसाहेब' म्हणायचे, तेही काम अडलं असेल तरच. ही मंडळी 'सर' म्हणायची. माझं बोलणं फोनवर रेकॉर्ड करायची. खोटं कशाला बोलू, मला ते लई आवडायला लागलं होतं.

त्यातल्याच एक बाई, घरांची डिझाइनं करणाऱ्या, मला म्हणाल्या, "सर, तुमच्याकडं जुनी सरकारी वसाहत एखादी आहे का? सिमेंटची, सपाट छपरांची?" मला हसूच आलं. अशी वसाहत बघायला कोण पुण्याहून येतं? पण होती. आंबेगाव तालुक्यात, घोडेगावच्या पुढं डोंगराकडं जाताना, धरणाचं काम चालू असताना बांधलेली. सरळ रेघेत एकसारखी घरं, पुढं सिमेंटची जाळी, बाहेरून गोल वळत गच्चीवर जाणारा जिना. काम संपलं, साहेब लोक गेले, आणि ज्यांची गावं पाण्याखाली गेली त्यातली भात पिकवणारी काही डोंगरातली कुटुंबं त्या रिकाम्या घरांत राहायला आली. तीच अजून तिथं आहेत.

एका रविवारी आम्ही तिथं गेलो. त्या बाई आणि त्यांच्याबरोबरची चार-पाच मंडळी जाळीवरून हात काय फिरवत होती, जिन्याखाली आडवं पडून फोटो काय काढत होती. एक जण म्हणाला की वरून पत्रे टाकून लोकांनी सगळी शोभा घालवली. मी मान हलवली. डोंगराच्या पायथ्याच्या पावसात तो स्लॅब कसा गळतो हे मला ठाऊक होतं, मी त्या भागात पावसाळे काढलेत. पण तेव्हा मी 'सर' होतो ना, मग मान हलवायचीच.

वसाहतीच्या मधोमध चौक आहे. तिथं एका ओट्यावर कमरेएवढा दगड उभा, शेंदरानं लडबडलेला, पुढं विझलेली पणती आणि वाळलेला झेंडू. तिथले लोक त्याला बाबा म्हणतात. जुनं गाव बुडायच्या आधी गाडीत घालून त्यांनी तो वर आणला होता. कुणी नोकरीला, मुंबईला, लष्करात निघालं की आधी बाबाला तेल-शेंदूर लावायचा, मग एसटीत बसायचं, हा तिथला रिवाज. एरवी दर अवसेला जवळपास असेल ती बाई तेल घालते.

मला त्याची घडण वेगळी वाटली. देवाचा दगड असा चारी बाजूंनी काटकोनात तासलेला नसतो. शेंदराचा थर एका कडेला सुटला होता आणि आत अक्षराचं वळण दिसत होतं. मी म्हणालो, "ह्याच्या आत काहीतरी लिहिलंय." सगळे माझ्याभोवती गोळा झाले. डिझाइनवाल्या बाईंनी विचारलं, "काढलं तर चालेल ना, सर?"

इथं मी थांबायला पाहिजे होतं. मी काही परदेशातून आलेलो नाही. जुन्नरजवळच्या आणे पठारावरच्या आमच्या घरी देवाच्या अंगावरचं शेंदराचं कवच आपोआप गळलं, तर माझी आई ते फडक्यात घेऊन उपाशीपोटी ओढ्याला सोडून यायची, आणि तोवर घरात चूल पेटायची नाही. आपल्या हातानं ते कुणी काढत नाही. हे मला पाळण्यात असल्यापासून माहीत आहे. आणि मी म्हणालो, "चालतंय की, कोण विचारतंय."

खुरपं काढलं आणि खरवडायला बसलो. वर्षानुवर्षांचा थर, ढपल्यांनी निघाला. खाली वर्तमानपत्र अंथरलं होतं, त्यावर केशरी ढीग साचला. ब्रश मारल्यावर अक्षरं वर आली, आधी इंग्रजी, खाली मराठी. ह्या गावातून इतके पुरुष महायुद्धावर गेले, त्यातल्या इतक्यांनी प्राण दिले. बस्स, एवढंच. मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. टाळ्या पडल्या. मग मी भाषण ठोकलं, गोऱ्या साहेबानं असे दगड गावोगाव कसे बसवले, आणि आमच्या भोळ्या लोकांनी त्याचा देव कसा केला. भोळ्या, असंच म्हणालो. मंडळी खूश होऊन कोपऱ्यावरच्या टपरीवर चहाला गेली आणि मी हात पुसत मागं राहिलो.

तेवढ्यात घोडेगावच्या गाडीतून एक बाई उतरली. साठीची असेल, डोक्यावर बाजाराची पिशवी. चौकात आली आणि दगडासमोर थबकली. पिशवी खाली ठेवली. पदर सावरला.

"कुणी केलं हे?"

"मी केलं, मावशी." मला वाटलं, आता शिव्या बसणार. बसल्या असत्या तर बरं झालं असतं.

ती खाली बसली आणि वर्तमानपत्रावरचे ढपले पदरात गोळा करायला लागली. "माझा पोरगा बर्फात हाय, भाऊ. सीमेवर. आठ दिस झालं फोन न्हाई. परवाच्या अवसेला मी तेल घातलंय बाबाला. तुमी का वो काढलं?"

तरी मी शहाणपणा सोडला नाही. म्हटलं, मावशी, हा देव नव्हे, हे युद्धावर गेलेल्या शिपायाचं स्मारक आहे. माझा स्वतःचाच आवाज मला नकोसा झाला. ती मात्र ऐकत होती. मग तिनं वर बघितलं. माझ्यावर रागच नव्हता तिच्या डोळ्यांत, नुसती भीती.

"मंजी मेलेल्याचा दगुड हाय ह्यो?"

मी ब्रश पिशवीत टाकला.

"का परत आला व्हता त्यो? वाचा की वो. मला येत न्हाई वाचाया."

दगडावर काय होतं, ते मी आताच टाळ्या घेऊन वाचलं होतं. किती गेले आणि किती मेले. पण ती बाई पदरात शेंदूर धरून माझ्याकडं बघत होती, आणि मी म्हणालो, "आला होता. परत आला. म्हातारा होऊन आपल्या घरात गेला."

"नाव काय त्याचं?"

नाव! तिथं एकाचंही नाव नव्हतं. गोऱ्या साहेबानं नुसते आकडे कोरले होते. पण एकदा शेण खाल्ल्यावर थांबायचं कुठं? जिभेवर जे पहिलं नाव आलं ते सांगून टाकलं. ते माझ्या आजोबांचं होतं.

तिनं ते दोनदा पुटपुटलं, विसरू नये म्हणून. मग घरातून शेंदूर आणि तेलाची वाटी घेऊन आली आणि म्हणाली, "तुमी काढलाय, तुमीच लावा." मी लावला. ती सांगेल तसा, खालून वर, अक्षरं बुजेपर्यंत. पुण्याची मंडळी टपरीवरून बघत होती, कुणीतरी त्याचाही फोटो काढला. काढलेला शेंदूर तिनं पाण्यात सोडायला वेगळा बांधून घेतला आणि मला चहा दिला. मला चहा दिला तिनं.

परत येताना गाडीत सगळे बोलत होते आणि मी खिडकीबाहेर बघत होतो. त्या दिवसानंतर मी कुणाला काही दाखवायला गेलो नाही. फोन आले, तब्येतीचं कारण सांगितलं. बायकोला खरं सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "तुमाला लाज कशी न्हाई वाटली?" वाटली होती ना. अजून वाटते. आंघोळीला बसलो तरी वाटते.

मग उन्हाळ्यात एक फोन आला. वसाहतीतल्या त्या बाईचा मुलगा सुट्टीवर आला होता. टपरीवाल्याकडून त्यानं माझा नंबर मिळवला होता. वसाहतीनं बाबाची पूजा ठेवली होती आणि ज्यांनी नाव वाचलं त्यांनीच नारळ फोडायचा असं त्याच्या आईनं ठरवलं होतं. मी नाही म्हणायला पाहिजे होतं. नाही म्हणवलं नाही.

गेलो तर ओट्यावर नवी पाटी. ऑइलपेंटनं, लाल अक्षरांत, माझ्या आजोबांचं नाव, पुढं 'वीर' आणि मागं 'बाबा'. मला टोपी-टॉवेल दिला, पाटावर बसवलं. त्याची आई लोकांना सांगत होती, ह्या भाऊंनी शोधून काढलं, लई जाणते हाईत. मला जमिनीत जावंसं झालं. नारळ फोडला. सगळ्यांनी त्या नावानं चांगभलं म्हटलं आणि मी कानकोंडा होऊन पायाच्या अंगठ्याकडं बघत राहिलो.

जेवणं झाल्यावर तो मुलगा मला गोल जिन्यानं गच्चीवर घेऊन गेला. उन्हानं रापलेला, कमी बोलणारा गडी. पत्र्याच्या सावलीत उभा राहून म्हणाला, "काका, मी शाळेत असताना एकदा बाबाचं कवच गळलं होतं. तेव्हा मी तो दगड वाचलाय. नाव नाही त्यावर."

मला वाटलं, आता हा मला खाली ढकलणार. मी हात जोडले. काय बोललो ते आठवत नाही, चुकलं-माकलं असलं काहीतरी.

"राहू द्या," तो म्हणाला. "त्या दिवसापासून आई रात्री झोपते. रोज ते नाव घेते, आणि म्हणते, तो आला, तसा तूही येशील. मी काही तिला सांगणार नाही." मग जरा थांबून त्यानं विचारलं, "पण नाव कुणाचं आहे?"

"माझ्या आजोबांचं."

"असं होय." त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. "मग निदान ते तरी युद्धावरून परत आले होते ना?"

खाली त्याची आई बायकांना प्रसाद वाटत होती. आणखी एक खोटं माझ्याच्यानं बोलवलं नाही.

"ते गेलेच नव्हते रे," मी म्हणालो. "पठार सोडून कुठंच गेले नव्हते."

त्यानं खाली आईकडं पाहिलं. परवाच्या गाडीनं त्याला परत सीमेवर जायचं होतं.