मामाची उमेदवारी

माझ्या धाकट्या मामाइतका तेलकट माणूस उभ्या अष्टागरात दुसरा झाला नसेल. तेल वंगणाचं, स्वयंपाकाचं नव्हे. मॅट्रिक होताच तो किहीमहून मुंबईला गेला आणि बोटींच्या एका कारखान्यात उमेदवारीला लागला, तेव्हापासून ते तेल त्याच्या नखांतून कधी निघालंच नाही. पहिलं वर्षभर त्याला नुसतं कानशीने लोखंड घासायला लावलं होतं, पण सुटीत घरी आला की गवयाने रियाजाबद्दल बोलावं तसा तो त्याबद्दल बोलायचा. "लोखंड सपाट करणं म्हणजे काय, ते अजून कुणाला नीटसं कळलेलं नाही," असं जेवताना आम्हा भाचरांना सांगायचा आणि आपला पाट डुगडुगतो का ते वाकून बघायचा. खिशात चोचीची तेलाची बुधली कायम. काहीही कुरकुरलं की मामा उठलाच, मग ते दार असो, पाळणा असो, नाहीतर भटजींच्या वहाणा. नागावला मुलगी बघायला गेला तिथेही पोहे बाजूला ठेवून तो झोपाळ्यावर चढला आणि कड्या तपासू लागला. मुलीच्या वडिलांना वाटलं, पाहुण्यांनी बरोबर मिस्त्री आणलाय. खाली उतरून मामाने एवढंच विचारलं, "कड्या झिजल्यात. मुलगी यावर बसते का?" मामी पुढे सांगायची, "माझ्या जिवाची काळजी करणारा तेवढा एकच आला, म्हणून हो म्हटलं."

आजोबांना मात्र हे मुळीच पसंत नव्हतं. घरची नारळी-पोफळीची वाडी, थोरला मुलगा कचेरीत, आणि धाकटा लोखंड घासणारा. "हेच करायचं होतं तर इंग्रजी कशाला शिकलास?" असं ते विचारत. मामा एरवी कुणाला भीत नसे, पण वडिलांनी एकदा तरी "बरं केलंस" म्हणावं यासाठी त्याचा जीव तुटायचा. त्यासाठीच त्याने एका वैशाखात वाडीतला रहाट हाती घेतला. आमच्याकडचा रहाट पहाटेपासून कुरकुरायचा आणि ओटीवर पूजेला बसलेले आजोबा त्या आवाजावरूनच ओळखायचे, की बैल फिरतोय, झाडांना पाणी चाललंय. मामाने सगळा रहाट उतरवला, घासला, तेल पाजलं आणि छाती काढून सांगितलं, "अण्णा, उद्या तुम्हाला रहाट ऐकूच येणार नाही." खरंच आला नाही. आवाज नाही म्हणजे काम नाही, असा झापडं बांधलेल्या बैलाने सरळ अर्थ लावला आणि तो उभा राहिला. गडी आंब्याखाली झोपला. आजोबा समाधानाने पूजा करत राहिले. उन्हं चढल्यावर वाडीत जाऊन पाहतात तो पोफळीच्या नव्या रोपांनी माना टाकलेल्या. गडी डोळे चोळत म्हणाला, "अण्णा, कुरकुर थांबली का मला जाग येते. आज ती सुरूच न्हाय झाली, मंग थांबल कशी?" आम्ही मुलं हसलो, आजोबा हसले नाहीत. "ही तुझी विद्या," एवढंच ते मामाला म्हणाले आणि पुढे त्याच्याशी बोलेनासेच झाले.

उमेदवारी पुरी झाली, सरकारी परीक्षा झाली आणि मामा भाऊच्या धक्क्याहून रेवसला येणाऱ्या आगबोटीवर इंजिनियर झाला. आजोबांनी पेढा घेतला, पण कशाबद्दल ते विचारलं नाही. मुंबईला जायचं तर ते शिडाच्या मचव्यातूनच जात. पुढे गुडघे धरले, मचवा झेपेना, तेव्हा एकदाच मला सोबत घेऊन ते आगबोटीत चढले. इंजिनावरच्या माणसाला जागा सोडता येत नाही. त्यामुळे मुलगा खाली आणि वडील बरोबर त्याच्या डोक्यावरच्या बाकावर, असे दोघे मुंबईपर्यंत गेले. मी खाली जाऊन सांगते म्हटलं, तर म्हणाले, "काम करतोय तो. राहू दे." मग थोड्या वेळाने शेजारच्या अनोळखी माणसाकडे वळून म्हणाले, "खाली माझा मुलगा आहे. तोच नेतोय आपल्याला." धक्क्यावर उतरले आणि मागे न बघता चालू लागले. त्याच पावसाळ्यात ते गेले. बाराव्याला मी मामाला हे सगळं सांगितलं.

मामा आता सत्तरीला टेकलाय. इंजिनांपाशी उभं राहून राहून त्याचा एक कान गेला. मी किहीमला गेले की तो मला ओटीवर बसवतो, चांगला कान माझ्याकडे करतो आणि विचारतो, "त्या दिवशी अण्णा काय म्हणाले गं?" मी सांगते. "नीट ऐकू नाही आलं," म्हणतो. मग मी पुन्हा सांगते.