आवाज न करता गाणं

संगीताच्या तासाला आवाज होतो, अशी तक्रार कुठल्या शाळेत होत असेल यावर माझा कधी विश्वास बसला नसता. पण रावेतच्या त्या शाळेत ती माझ्याच विरुद्ध झाली. माझ्या वर्गाच्या भिंतीपलीकडे एक सर आठवी-नववीच्या पोरांकडून इंजिनिअरिंगच्या प्रवेशपरीक्षेची तयारी आत्तापासूनच घोटून घेत. त्यांना दुसरीतल्या मुलांच्या सारेगमचा त्रास व्हायचा. मुख्याध्यापिकाबाईंनी मला बोलावून अगदी गोड आवाजात सांगितलं, की गाणं जरा हळू घ्या, शक्यतो लेखीच घ्या. लेखी! पालकांना भरलेल्या वह्या बघायला आवडतात म्हणे. शी! गाणं लेखी घ्यायचं म्हणजे पोहणं फळ्यावर शिकवायचं.

मी काय कमी भांडले? मुलांना खाली मैदानात नेलं, तर खेळाच्या सरांनी हाकललं. बस उभ्या राहतात त्या पत्र्याखाली नेलं, तर एका आईनं धुळीचे फोटो काढून पालकांच्या ग्रुपवर टाकले. पेटी स्टोअररूममध्ये गेली आणि किल्ली ऑफिसात. शेवटी हात टेकले आणि वर्गातच मार्ग काढला. फळ्यावर स्वर लिहायचे. हात कमरेशी म्हणजे सा, डोक्यावर म्हणजे वरचा सा, बाकीचे मधे. मुलांनी फळा वाचत हात वरखाली करायचा आणि मनातल्या मनात गायचं. पलीकडचा वर्ग रिकामा झाला की मोठ्यानं गाऊ, असं मी त्यांना सांगत असे. तो कसला रिकामा होतोय! सरांनी शनिवारसुद्धा घेतला. एखाद्या पोराच्या तोंडून चुकून सूर निघाला की सर दारात येऊन त्याला उभं करायचे. पुढे पुढे सरांना यावंच लागेना. बाकीची मुलंच ओठांवर बोट ठेवून त्याच्याकडे वळायची. सात वर्षांची लेकरं ती!

त्या वर्गात एक अबोल मुलगी होती. तिचा बाप मूळचा बीडकडचा, चाकणच्या कंपनीत कामाला. रात्रपाळी संपली की तसाच युनिफॉर्मवर तिला सोडायला यायचा. एकदा गेटवर त्यानं मला विचारलं, "मॅडम, घरी तर तोंड उघडत नाही. हितं गाती का?" त्याच्या आईचा गळा फार गोड होता. तो लेकीत उतरलाय का, एवढंच त्याला एकदा कानांनी ऐकायचं होतं. शाळेच्या माहितीपत्रकावर 'संगीत' असं रंगीत अक्षरांत छापलेलं बघून त्यानं ऐपतीबाहेर जाऊन तिला तिथं घातलं होतं. पालकांना वर्ग दाखवायचा दिवस जवळ आला होता. त्या दिवशी मुलं गातील, असं बाईंनी मला कबूल केलं होतं. मीही त्याला म्हटलं, या त्या दिवशी, पोटभर ऐका.

तो आला. ओव्हरटाइम सोडून, इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या बाकावर बसला. बाईंनी नेमकं त्याच्याच लेकीला फळ्यापुढे उभं केलं. भिंतीपलीकडे सरांचा तास चालूच होता. मी तिला म्हटलं, आज मोठ्यानं गा हं. तिनं फळ्याकडे पाहिलं आणि हात कमरेशी नेला. हात चढला, थांबला, उतरला, परत चढला. एक स्वर चुकला नाही. ओठ मात्र घट्ट मिटलेले. सगळ्या ओळी संपल्यावर तिनं वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "झालं."

बाईंनी टाळ्या सुरू केल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. बघा, किती शिस्त आहे, असं बाई कौतुकानं पालकांना सांगत होत्या. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली, की त्या टाळ्या वाजवणाऱ्या एकेकाला धरून गदागदा हलवावंसं वाटलं. किळस आली मला त्या सगळ्यांची.

बाप तेवढा टाळ्या वाजवत नव्हता. गाणं सुरू व्हायचंय, अशाच समजुतीत तो बसला होता. टाळ्या थांबल्यावर तो उठला, लेकीपुढे उकिडवा बसला आणि म्हणाला, "बाळा, एकदा मोठ्यानं म्हण की. पप्पासाठी."

तिनं आधी भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याच्या कानाशी तोंड नेऊन ती कुजबुजली, पण वर्ग इतका गप्प होता की ते सगळ्यांना ऐकू आलं.

"पप्पा, मोठ्यानं वाईट मुलं गातात."