नाकमामांचं साबणपाणी

आमच्या साडूंना सगळं खानदान नाकमामा म्हणतं. नाक मोठं आहे म्हणून नव्हे. आकारानं ते बेताचंच. पण त्याचा रुबाब असा, की समारंभात त्याला वेगळी खुर्ची द्यावी.

नाकमामा इमारतींच्या गच्चीवरची गॅसची यंत्रं सांभाळतात. चार कपाटं आडवी निजवावीत एवढी पत्र्याची पेटी. थंडीत तिच्या पोटात गॅस पेटतो आणि खालच्या खोल्यांत ऊब जाते. उन्हाळ्यात तीच पेटी गार हवा सोडते. थंडीआधी तिची मशागत करावी लागते. फिल्टर बदलायचा, पंख्याचा पट्टा दाबून बघायचा, बर्नरवरची काजळी झाडायची, पाण्याच्या नळीतली घाण काढायची. मी ज्या वाचनालयात काम करतो, त्याच्या गच्चीवर अशा दोन पेट्या आहेत. दरवर्षी नाकमामा आले की मी टॉर्च धरायला वर जातो. माझी लायकी तेवढीच, असं त्यांचं मत आहे. माझ्या बायकोचंही.

पेटीचं झाकण काढलं की नाकमामा डोळे मिटत, नाकपुड्या फुगवत आणि निकाल देत, "स्वच्छ!" म्हणजे गॅसगळती नाही. कंपनीचा नियम वेगळा होता. गॅसच्या नळीच्या प्रत्येक जोडाला ब्रशनं साबणपाणी लावायचं. गळती असेल तर बुडबुडे येतात. नाकमामा एखाद्या जोडाला साबण लावत, तोही नावडत्या पाहुण्याला चहा विचारावा तसा. वर म्हणत, "साबण हा बिननाक्यांसाठी हो!"

यंदा त्यांना ताप आला. गेला, आणि जाताना वास घेऊन गेला. फुलाचा नाही, फोडणीचा नाही, कशाचाच वास येईना. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. बिननाक्याला गॅसच्या कामावर कोण ठेवील, ही धास्ती. या वयात दुसरं कुठलं काम शिकणार?

पण घरात ताई होत्या. ताई म्हणजे त्यांच्या पत्नी, माझ्या बायकोची थोरली बहीण. एक दिवस त्या शेजारी गेल्या असताना दूध उतू जाऊन करपलं. भांडं काळंठिक्कर, घर धुरकट, आणि नाकमामा शेगडीपासून दोन हातांच्या अंतरावर बसून पेपरातलं कोडं सोडवताहेत! ताईंनी भांडं घासून ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी डांबरगोळ्यांच्या डब्यातला रुमाल पुढे केला.

"अहो, हे नवं अत्तर कसं आहे?"

नाकमामांनी हुंगलं. "वा! मोगरा."

ताईंनी हे माझ्या बायकोच्या कानावर घातलं, म्हणजे माझ्याही. "विचारलं तर उसळतील," त्या मला म्हणाल्या. "तुमच्या वाचनालयात त्यांचं काम असेल तेव्हा मी जेवणाचा डबा घेऊन येते. बघू."

ठरल्या दिवशी ताई डबा घेऊन गच्चीवर हजर. पहिली पेटी सुरळीत पार पडली. दुसरीचं झाकण निघालं. डोळे मिटले, नाकपुड्या फुगल्या. "स्वच्छ!"

"थांबा," ताई म्हणाल्या. "वास येतोय."

"कसला?"

"सडक्या कोबीचा. तुमच्या गॅसचा."

"अगं, बाहेरून कुठून तरी येत असेल."

"बाहेरून? अहो, मी पेटीत डोकं घालून उभी आहे!"

नवराबायकोच्या वादात मी सहसा भिंत होतो. पण गॅस तो गॅस. "मलाही येतोय," मी म्हणालो. नाकमामांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू टॉर्चच बोलला.

मग मात्र त्यांनी मुकाट्यानं गॅसचा कॉक बंद केला, पेटीची वीज तोडली, सगळी झाकणं उघडून हवा खेळू दिली आणि पालथ्या बादलीवर बसले.

"तुला ठाऊक होतं?"

"दूध जळलं तेव्हापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले. पण डांबरगोळीला मोगरा म्हणालात, तेव्हा म्हटलं, आता जिना चढायलाच हवा."

नाकमामा उठले. कॉक उघडून त्यांनी एकेका जोडाला, अगदी तान्ह्या बाळाला न्हाऊ घालावं तसं, साबणपाणी लावलं. कोपऱ्यातल्या जोडावर बारीक बुडबुडे उमलले. कॉक पुन्हा बंद करून तो जोड त्यांनी उलगडला, नव्यानं बसवला, परत साबण लावला. बुडबुडा नाही. मग बर्नर पेटवला, ज्योत निळीशार. आणि तिथूनच त्यांनी कंपनीच्या मालकीणबाईंना फोन लावला.

"बाई, माझं नाक गेलंय. वास येत नाही."

"अगंबाई! डॉक्टरांना दाखवलंत?"

"दाखवतो. पण कामाचं..."

"कामाचं काय? साबण लावता ना सगळ्या जोडांना?"

नाकमामांनी आमच्याकडे पाहिलं. खोटं बोलायला जागा होती. "आजपासून लावतो," ते म्हणाले.

पलीकडून जे आलं ते आम्हाला गच्चीच्या कठड्यापर्यंत ऐकू आलं. शेवटी बाईंचा श्वास संपला. "यंदाच्या सगळ्या इमारती पुन्हा करा. एकूण एक जोड. आणि गॅस ओळखणारं ते यंत्र कपाटातून न्या, तुम्हीच नको म्हणाला होतात. नाकाला पगार देते का मी? हातांना देते!"

फोन ठेवून नाकमामा पुन्हा पालथ्या बादलीवर बसले. मग ताईंना म्हणाले, "डबा उघड. भूक लागलीय."

त्यांनी सगळ्या इमारती पुन्हा केल्या. कुठेच गळती निघाली नाही. याचा त्यांना आनंदच झाला, थोडा अभिमानही. त्या यंत्राला ते नव्या जावयासारखं वागवतात. मान पूर्ण, भरवसा बेताचा. ते गप्प राहिलं तरी साबण लावतातच.

वास अजून परतलेला नाही. तरी संध्याकाळी घरी आले की दारात थांबतात, डोळे मिटतात, नाकपुड्या फुगवतात. आतून ताई सांगतात, "कांदा परततेय."

"हं," नाकमामा चप्पल काढत निकाल देतात, "थोडा जास्तच झालाय."