शेवटचं माकड आत जाईपर्यंत

फुजैराहून ऑफिसचं काम आटपून दुबईला परतताना बसमध्ये ती माझ्या शेजारी होती. व्हिएतनामची, बहिणीकडे सुट्टीला आलेली. सगळा वेळ खिडकीला नाक लावून बाहेरचे उघडेबोडके डोंगर बघत होती. एखादी कपार दिसली की तिचं बोट आपोआप वर जायचं.

शेवटी मी विचारलंच, "काय शोधताय?"

ती ओशाळून हसली. "सवय हो! आमच्याकडे चुनखडीच्या डोंगरांतल्या जंगलात पानं खाणारी माकडं आहेत. फार थोडी उरलीत. मी त्यांची मोजणी करते."

"झाडीत दिसतात तरी का?"

"दिवसा नाही. संध्याकाळी ती कड्यावरच्या गुहेत झोपायला परततात. आम्ही समोर बसून वाट बघतो. शेवटचं आत गेलं की जीव भांड्यात पडतो."

दुबईला उतरून ती गर्दीत दिसेनाशी झाली. नाव विचारायचं राहिलंच.

त्या संध्याकाळी मी बाल्कनीत उभी राहिले. लेक ट्यूशनहून आली. अंधार पडता पडता अबुधाबीजवळच्या मुसफ्फातल्या कामावरून नवऱ्याची गाडी आली. एरवी माझं "किती हा उशीर" दारातच सुरू होतं. त्या दिवशी नुसतं दार उघडलं.

"मम्मा, व्हाय आर यू स्मायलिंग?" लेकीनं विचारलं.

"सगळे आत आले," मी म्हटलं.