पायऱ्यांच्या डोहातल्या मुऱ्या

नृसिंह मास्तर इतके मवाळ, की पोरावर खडू फेकताना आधी आपणच नेम चुकवून घेत. कोतूळच्या वरच्या अंगाला, मुळा नदीकाठच्या शाळेत ते शास्त्र शिकवायचे. रविवारी धोतर खोचून नदीत उतरायचे आणि दगड उलटत बसायचे. दगडाखाली मुरी सापडे. बोटाएवढा मासा, अंगावर काळे-पिवळे पट्टे, तोंडाशी मिशा. कालवणालाही कोणी विचारत नसे तिला. मास्तर मात्र कुठल्या डोहात किती दिसल्या, ते बारा वर्षं वहीत लिहीत होते. सत्तर साली त्यांनी एका मासिकात लेख दिला आणि हौसेनं डोहांची नावं, वाट, सगळं सांगून टाकलं.

वर्षाच्या आत मुंबईचा एक व्यापारी आला. श्रीमंतांच्या दिवाणखान्यात काचेच्या पेटीत ठेवायला त्याला पट्ट्यांच्या मुऱ्या हव्या होत्या. दोन वर्षांत चार डोह ओस पडले. मास्तर नगरला वनखात्याच्या कचेरीत गेले, तर साहेब हसले. "वाघासाठी कायदा झालाय, मास्तर. मुरीसाठी कोण करतंय?"

त्यात दुष्काळ पडला. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात नदीची नुसती वाळू झाली. राहिला एक पायऱ्यांचा डोह. गाव तेच पाणी पीत होतं, आणि उरल्यासुरल्या मुऱ्याही तिथंच होत्या.

एका सकाळी वर्गात इंजिनाची धडधड ऐकू आली. मास्तर तास टाकून अनवाणी धावले. व्यापाऱ्याची माणसं डोह उपसत होती, पाणी भसाभसा वाळूत जिरत होतं, आणि काठावरच्या पिंपांत मुऱ्या वळवळत होत्या.

"बंद करा ते!" मास्तर ओरडले.

"सरपंचांनी हो म्हटलंय," व्यापारी म्हणाला. "आणि जागा तुमच्या लेखामुळंच सापडली की. उपकार झाले."

मास्तरांचं डोकं भणाणलं. ते इंजिनावरच धावून गेले. तापल्या लोखंडानं तळहात सोलवटला, तरी सोडेनात. दोघांनी त्यांना ओढून वाळूत पाडलं. तेवढ्यात हंडा घेऊन गावातल्या गोजरबाई आल्या, मागं चार-पाच बायका.

"काय झालं वो मास्तर?"

"आपलं पाणी वाळूत घालतायत, गोजरबाई! शोभेच्या माशांसाठी!"

"आमी घोटाघोटानं पानी पुरवतोय अन् ह्यो मुडदा वाळू शिंपतोय?" गोजरबाईंनी कंबरेचा विळा काढला आणि रबरी नळी उभी चिरली. बायकांनी पिंपं डोहात पालथी केली. व्यापारी इंजिन टाकून पळाला.

डोहात गुडघाभर पाणी राहिलं. ते बायकांनी पहारा ठेवून पावसापर्यंत पुरवलं. पण नदी वाहती झाल्यावर मास्तरांनी दिवाळीपर्यंत दगड उलटले, तेव्हा सात मुऱ्या दिसल्या. सातच. वही त्यांनी चुलीत घातली.

पुढं कोणा अभ्यासकाचं पत्र आलं: आपला लेख आवडला, नेमकी जागा कळवावी. मास्तरांनी उभ्या उभ्या पत्राच्या चिंध्या केल्या आणि बिचाऱ्या पोस्टमनवरच खेकसले, "असली पत्रं माझ्या दारात आणायची नाहीत!"