नरांना चारलेली पपई

शेडमधल्या बटेर पक्ष्यांना जंत झाल्याची शंका आली, तेव्हा मला आईचा उपाय आठवला. ती पपईच्या बिया वाळवून, कुटून आम्हाला गुळात द्यायची. मीही बिया वाळवल्या, मिक्सरमधून काढल्या. पण मी पडलो जबाबदार माणूस. पोटुशीला पपई देत नाहीत, मग अंड्यावरच्या माद्यांना कशी द्यायची? म्हणून ती पूड फक्त नरांच्या पिंजऱ्यात, त्यांच्या खाद्यात मिसळली. माद्यांना शतावरी आणि मेथी, बाळंतिणीसारखी.

पुढे नर-माद्या एकत्र सोडल्या. अंडी भरपूर आली. ती मशीनमध्ये उबवायला ठेवली आणि काही दिवसांनी टॉर्च लावून पाहिलं, तर एकाही अंड्यात जीव धरलेला नाही. आत नुसता पिवळा उजेड. मी शतावरी वाढवली. अंडी वाढली, उजेडही वाढला.

वैतागून माद्याच विकायच्या ठरवल्या. खामगाव रोडवरच्या हॉटेलवाल्याला फोन केला. तो टोपली घेऊन हजर झाला. बायको शेडच्या दारात आडवी उभी राहिली.

"माद्या काऊन देऊन राह्यले?"

"वांझ हायेत."

"हो का? लग्नानंतर मलेही असंच म्हनत होते. तुमच्या मायनं मले गावोगावचे काढे पाजले. तुमाले कोणी चमचाभर देल्ला काय? आन् शेवटी डॉक्टरच्या गोळ्या कोणाले लागल्या?"

हॉटेलवाला टोपलीत काहीतरी शोधू लागला. टोपली रिकामी होती.

गोळ्या मला लागल्या होत्या. आईला मी ते तिच्या शेवटापर्यंत सांगितलं नाही.

"नरायले काय चारलं?" बायकोनं विचारलं. मी पपईचं सांगून टाकलं.

"मंग नरच द्या ना भाऊ," हॉटेलवाला म्हणाला. "मले काय, रस्सा सारखाच लागते."

"त्यायचं काय चुकलं? चारणाऱ्यालेच टाका टोपलीत."

त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "हे शिजत नाहीत वहिनी. लई वातड हायेत." आणि तो तसाच परत गेला.

जनावरांचे डॉक्टर म्हणाले, बियांमुळे असं होऊ शकतं, पण छातीठोक सांगता येणार नाही. बिया बंद करा आणि वाट पाहा. वाट पाहिली. बरीच अंडी तशीच निघाली. मग एकदा टॉर्चच्या उजेडात एका अंड्यात लाल शिरांचं बारीक जाळं दिसलं. मी ओरडून बायकोला बोलावलं. तिनं डोळा लावून पाहिलं.

"आता सांगा सगळ्यायले, दोष कोणाचा होता."

मी त्याच पावली शेजाऱ्याच्या गोठ्यात जाऊन सांगून आलो. तिथं मात्र फक्त बटेरांचंच सांगितलं.