इंचकाकांचा बाण

इंचकाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते शिवणाच्या हॉलमधल्या बायकांनी पाडलं आणि चिकटलं. कापडावर तुकड्यांची कितीही घट्ट बसवलेली मांडणी त्यांच्यापुढे ठेवा, डोळे बारीक करून ते म्हणणार, "अजून इंचभर निघेल." आणि निघायचा, हेच तर दुखणं. ज्याने आधी मांडणी केलेली असायची त्याचं तोंड मग बघण्यासारखं व्हायचं.

कारखाना कोटांचा. दवाखान्यातले लोक घालतात तसले पांढरे कोट. लांबलचक टेबलावर कापडाचे साठ थर एकावर एक अंथरायचे, वर मांडणीचा कागद पसरायचा, आणि कागदावरच्या रेघांवरून उभ्या पात्याचं यंत्र फिरवायचं. एका फेरीत साठ कोटांचे तुकडे सुटे. हा कागद इंचकाका कॉम्प्युटरवर तयार करायचे. बाही इथे, पाठ तिथे, कॉलर त्या दोघींच्या बगलेत, खिसे उरल्यासुरल्या फटीत. कापड वाया जाता कामा नये. बावीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. आणि त्यांच्या रेघेवर पातं चालवायचा तो त्यांचा मेहुणा, बायकोचा सख्खा धाकटा भाऊ. डाव्या हातात लोखंडी कड्यांचा हातमोजा घालून तो पात्याच्या अगदी पुढ्यात कापड दाबून धरायचा. बोटं आणि पातं यांच्यात इंचकाकांची रेघ तेवढी.

आता गुपित. चार वर्षांपासून इंचकाकांचा उजवा हात थरथरत होता. नुसता ठेवलेला असताना नाही, काही करायला उचलला की. हे जगात फक्त बायकोला ठाऊक होतं. ती त्यांचा चहाचा कप अर्धाच भरायची आणि दुसरा अर्धा नंतर द्यायची, न बोलता. डॉक्टरचा विषय निघाला की इंचकाका "बघू" म्हणायचे. या "बघू"त चार वर्षं निघून गेली.

कारखान्यात कळलं नाही, कारण त्यांनी माउसचा बंदोबस्त करून ठेवला होता. जुन्या कॉम्प्युटरवर त्यांनी पडद्यावरच्या बाणाचा वेग पार तळाला नेला होता. हात झटकन हलला की बाण जास्तच पळतो, तीही सोय शोधून काढून बंद केली होती. शिवाय माउसचं पोट उघडून आत लोखंडाच्या दोन चकत्या चिकटवल्या होत्या. इतका जड माउस थरथरत्या हाताला दाद देत नाही. हात वर नाचायचा, बाण खाली साधूसारखा शांत. दुसऱ्या कोणी तो धरला तर म्हणायचा, "काका, हा काय दगड आहे!" इंचकाका म्हणायचे, "जुनी वस्तू आहे, वजनदार असते."

कळलं असतं तर काय झालं असतं? ज्यांचा हात किंवा डोळा गेला त्यांना कारखाना धागे कापायच्या टेबलावर बसवायचा. तिथे छोटी कात्री घेऊन शिवणीची टोकं छाटायची. थरथरत्या हाताने तेही जमणार नव्हतं. म्हणजे त्या टेबलाच्या पुढे थेट दरवाजाच.

आणि एका सोमवारी सकाळी सगळे कॉम्प्युटर बदललेले निघाले.

मुख्य कचेरीने शनिवार-रविवारात येऊन जुनी खोकी उचलून नेली होती, दगडासारख्या माउससकट. नव्या यंत्राची सगळी रीतच वेगळी. माउस साबणाच्या वडीएवढा, बिनवायरचा, फुंकर मारली तर सरकेल असा. त्यावरच्या चाकाची दिशा उलटी. पुढे ढकललं की चित्र जवळ यायचं, ते आता लांब जायला लागलं. यादी खाली न्यायला जावं तर वर. आणि बाण! इंचकाकांनी खिसा उचलला आणि तो खिसा पाठीवरून, कॉलरवरून उडत कापडाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पडला.

सोमवार मात्र बरा गेला. कारण सोमवारी सगळेच बोंबलत होते. हिशेबनीस चाकाला शिव्या घालत होता. गोदामवाल्याने तर चुकून सगळी यादी पुसली. "काका, तुमचं काय?" "माझंही तेच रे बाबा," इंचकाका म्हणाले आणि गर्दीत बसून घेतलं. काचेच्या केबिनमध्ये मुख्य कचेरीहून आलेल्या कॉम्प्युटरवाल्या बाई बसल्या होत्या. त्या सगळ्यांना एकच सांगत होत्या, "दोन दिवसांत हात बसतो. हात लावत राहा फक्त."

मंगळवारी ओरडा कमी झाला. बुधवारी हिशेबनीस शीळ घालत चाक फिरवत होता. गुरुवारी सकाळी इंचकाकांनी आजूबाजूला पाहिलं तर सगळ्यांचे हात बसले होते. गर्दी उठून गेली होती आणि रिकाम्या मैदानात ते एकटेच बसले होते. सोमवारपासून त्यांच्या तीनच मांडण्या झाल्या होत्या. एरवी दिवसाला पाच व्हायच्या.

प्रयत्न त्यांनी काय कमी केले? मनगट टेबलाच्या कडेला दाबून पाहिलं. उजवा हात डाव्याने धरून पाहिला, मग कोणी आलं की सोडून दिला. माउसखाली कोटाच्या कापडाची घडी घातली, तर बाण जागचा हलेना आणि हलला तो एकदम पडद्याबाहेर. मग त्यांनी वेग कमी करायचं पान शोधून काढलं. तिथे बारीकसं कुलूप होतं. बदल हवा असेल तर मुख्य कचेरीला अर्ज करा, आणि अर्जात कारण निवडा.

कारणं चार होती. माउस खराब. डावखुरा. वैद्यकीय. इतर.

इंचकाका त्या चार शब्दांकडे बराच वेळ बघत बसले. माउस खराब म्हणावं तर नवा कोरा. 'इतर'मध्ये कारण लिहावं लागत होतं. 'वैद्यकीय' म्हणजे तर स्वतःच्या हाताने स्वतःला धाग्याच्या टेबलावर नेऊन बसवणं. शेवटी या माणसाने, ज्याला बावीस वर्षं अख्ख्या कारखान्याने उजव्या हाताने जेवताना पाहिलं होतं, 'डावखुरा' निवडलं. त्यांचा हिशेब असा की डावखुऱ्याला सवलत म्हणून बाण जरा सावकाश देत असतील.

दुपारी बदल झाला. बाणाचा वेग होता तोच. माउसची दोन बटणं मात्र आपसात बदलली होती.

आता तर्जनीखालच्या बटणाने तुकडा उचलला जायचा नाही, तो पालथा व्हायचा, आरशात दिसतो तसा. उचलायला मधलं बोट. इंचकाकांची तर्जनी बावीस वर्षांची मुरलेली, तिला कोण सांगणार? बाही उचलायला जावं तर बाही पालथी. ती सुलटी करावी तर कॉलर पालथी. पुन्हा अर्ज करावा तर काय लिहावं, डावखुरा होतो, आता बरा झालो? तेवढ्यात मेहुण्याने दारातून डोकं घातलं.

"भावोजी, कापड अंथरून तास झाला. कागद देताय की मीच काढू पेन्सिलीने?"

"देतो रे. घोडा आणलाय का बाहेर?"

"घोडा नाही, मॅनेजर आणलाय. दोनदा येऊन गेला टेबलाशी."

इंचकाकांनी दात-ओठ खाऊन मांडणी संपवली. पडद्यावर पालथी बाही आणि सुलटी बाही यांत फरक असतो एका खांद्याच्या वळणाचा. नेहमी ते शेवटी एकदा सगळी मांडणी जवळ आणून बघायचे. जवळ आणायला चाक फिरवलं, तर मांडणी लांब गेली आणि टिकलीएवढी झाली. त्यांनी ती तशीच छापायला सोडली.

शुक्रवारी दुपारी शिवणाच्या हॉलमधून एक बाई अर्धा जोडलेला कोट हातात नाचवत आल्या. "इंचकाका, हा कोट कुणासाठी हो? याच्या दोन्ही बाह्या डाव्या!"

हॉल हसला. बाईंनी दुसरा कोट आणला, तिसरा आणला. मग कोणी हसेना. साठच्या साठ.

मॅनेजर तापट माणूस नव्हता. ओरडला असता तर बरं, असा होता. त्याने मांडणीचा कागद टेबलावर पसरला, खालच्या कोपऱ्यातल्या सहीवर बोट ठेवलं. पातं उतरवण्याआधी कापणाऱ्याने मांडणी तपासून सही करायची, असा नियम होता. सही मेहुण्याची होती.

"तपासली होती?" मॅनेजरने विचारलं.

मेहुणा हातमोजा काढत म्हणाला, "नाही साहेब. अकरा वर्षांत भावोजींची मांडणी कधी तपासली नाही. चूक माझीच. बघायला हवं होतं."

"मग सोमवारपासून पात्यावर दुसरा माणूस. तुम्ही गोदामात जा. एवढ्या उंचीवर बेफिकीर माणूस नको," मॅनेजर शांतपणे म्हणाला. उंचीवर म्हणजे साठ थरांच्या. "लिहून द्या तसं."

मेहुण्याने पेन मागितलं.

इंचकाका शेजारीच उभे होते. कागद समोर, पेन मेहुण्याच्या हातात. गप्प राहायला काहीच करावं लागत नव्हतं, नुसतं उभं राहायचं होतं. त्यांनी ते करून पाहिलं. दोन ओळी लिहून होईपर्यंत करून पाहिलं. मग म्हणाले, "थांब."

"भावोजी, राहू द्या हो."

"थांब म्हणतो ना. साहेब, मी डावखुरा नाही."

मॅनेजरला हे काय मध्येच, ते कळेना. इंचकाकांनी उजवा हात पुढे केला, जसा काही उचलायला जावा तसा. हात थरथरू लागला. लपवायचं सोडल्यावर तो जरा जास्तच थरथरला. "चार वर्षं झाली. जुन्या माउसवर कळत नव्हतं. या नव्यावर जमत नाही. पालथी बाही माझ्या बोटाने झाली, आणि शेवटी जवळ आणून बघितलीही नाही."

हॉलमधली यंत्रं एकेक करून थांबली. केबिनमधून कॉम्प्युटरवाल्या बाई बाहेर आल्या. प्रकार कळल्यावर त्या जरा चिडूनच म्हणाल्या, "अहो काका, मग 'वैद्यकीय' निवडायचं ना! दोन मिनिटांचं काम होतं." त्या इंचकाकांच्या खुर्चीत बसल्या, पासवर्ड टाकून कुलूप उघडलं, बटणं जागच्या जागी आणली, चाक सुलटं केलं, बाण तळाला नेला. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

मॅनेजरने मेहुण्याचा कागद फाडला. मग इंचकाकांना म्हणाला, "सोमवारी कारखान्याच्या डॉक्टरांकडे. ते काय लिहितात त्यावर बघू. तोवर एकट्याने एकही मांडणी नाही." त्याच्या "बघू"त इंचकाकांना आपलाच चार वर्षांचा "बघू" परत ऐकू आला. त्यांनी खुर्चीची पाठ धरली.

सगळे पांगल्यावर मेहुणा तेवढा राहिला. नोकरी वाचल्याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर नव्हता.

"ताईला माहीत होतं?"

"होतं."

"चार वर्षं?"

"पहिल्या दिवसापासून."

मेहुण्याने स्वतःची डावी पाच बोटं उघडून पाहिली, एकेक करून, मोजल्यासारखी. "आणि मी रोज तुमच्या रेघेवर हात ठेवत होतो, भावोजी. न बघता."

"रेघ कधी चुकली नाही रे. शपथेवर सांगतो."

"ते नाही विचारलं मी."

घरी जाऊन बायकोला सांगायचं होतं की तुझा भाऊ आता तुझ्याशीही बोलणार नाही. सोमवारी डॉक्टरपुढे हात धरायचा होता. त्याआधी साठ उजव्या बाह्या कापायच्या होत्या, आणि कापड टेबलावर पडलं होतं.

ते खुर्चीत बसले. माउस धरला. बाण हळूहळू, आज्ञेत निघाला. चाक पुढे ढकललं आणि बाही जवळ आली, खांद्याच्या वळणासकट. मेहुणा खुर्चीमागे येऊन उभा राहिला. अकरा वर्षांत तो इथे कधी उभा राहिला नव्हता. पडद्याकडे त्याने पाहिलंच नाही. तो हाताकडे बघत होता.

"पालथी आहे का सुलटी?" त्याने विचारलं.

"सुलटी. उजवी."

"परत एकदा जवळ आणून दाखवा."

इंचकाकांनी दाखवली.